रुमालाखालचं चौथं मत

बाबालाल, आज जे लिहितोय ते सांगायला मी बारा वर्षं टाळाटाळ केली. कधी पाऊस होता, कधी गुऱ्हाळ चालू होतं, कधी घरात लग्नकार्य. प्रत्येक कारण खरं होतं आणि एकही कारण खरं नव्हतं. गेल्या महिन्यात तुझ्या कबरीवर मूठभर माती टाकायला मी वाकलो तो लवकर उठलोच नाही, तेव्हा तुझ्या भाच्यानं मला सावरलं. मागं कुणीतरी म्हणालं, "लई जीव व्हता नानांचा त्याच्यावर." लोक माझ्याकडं आदरानं बघत होते. तो आदरही मी गुपचूप घेतला आणि घरी आलो. मला तशी सवयच आहे.

तू कुठं जन्मलास, काय शिकलास, मागं कोण कोण आहे, हे सांगायला माणसं आहेत. मला तुझ्या आयुष्यातल्या एका दुपारबद्दल सांगायचं आहे. त्या दुपारचं ओझं खरं तर माझं होतं. तू ते अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं.

तुझं काम तुला सांगायची गरज नाही. पण हे कागद उद्याची पोरं वाचतील, म्हणून सांगतो. गुळाच्या नव्या पेठेत तू दलाल होतास. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकतो. एकेक व्यापारी पुढं येतो, रुमालाखाली हात घालतो आणि दलालाची बोटं दाबून आपला दर सांगतो. शेजारच्या व्यापाऱ्याला तो कळत नाही, गूळ आणणाऱ्या शेतकऱ्यालाही कळत नाही. सगळे हात होऊन गेले की दलाल सर्वांत वरचा दर जाहीर करतो आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकतो. त्यानं सांगितलं ते खरं. तो खोटं बोलेल असं एकदा जरी मनात आलं, तरी त्याच्या रुमालाखाली कुणी करंगळीसुद्धा घालणार नाही.

बावड्याच्या मळ्यातला माझा गूळ कित्येक हंगाम तुझ्याच हातून विकला गेला. एकदा मी तुला विचारलं होतं, त्या जाड्या व्यापाऱ्यानं खरं किती दाबलं ते सांग. तू म्हणालास, "नाना, वहिनी सकाळी चुलीपाशी तुला काय बोलली, ते मी कधी इचारलंय व्हय?" चार माणसं हसली. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि तू हात ओळखायचास. डोळे मिटून सांगायचास, ह्यो सोनाराचा, ह्यो नांगर धरणाऱ्याचा, ह्यो हात घाबरलाय म्हंजे दर चढवणार. मला त्याची गंमत वाटायची. तीच गोष्ट पुढं माझ्या मनात ठाण मांडून बसेल, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

मी म्युनिसिपालटीचा मेंबर झालो तो दौलूअण्णांच्या शब्दावर. अण्णा आपल्या तालमीचे कारभारी. आपल्या राहत्या पेठेतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवलेल्या आणि निम्मी भांडणं त्यांनी मिटवलेली. त्यांनी माझं नाव पुढं केलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. लोकांना वाटतं मेंबर म्हणजे कचेरीतली खुर्ची. मला पहिल्या महिन्यातच कळलं की मेंबर म्हणजे तुंबलेली गटार, न पेटलेला कंदील आणि दोन शेजाऱ्यांच्या भिंतीमधली वीतभर जागा. सकाळी दार उघडलं की कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. मी सगळ्यांचं ऐकायचो, सगळ्यांना पान द्यायचो आणि सगळ्यांना सांगायचो, "उद्या बघू."

तू माझी टर उडवायचास. "काय मेंबर, आज कुणाकुणाला व्हय म्हणून आलास?"

मी सांगायचो, राजकारणात सगळ्यांना धरून चालावं लागतं.

"धरून चाल की. पर मधनं एकाला तरी सांग, तू कुठं चाललायस." आणि मग तुझं ते नेहमीचं वाक्य, "सगळ्यास्नी गोड लागतो त्यो गूळ. माणूस न्हवं."

हा वाद आपला कधीच संपला नाही. बाबालाल, मला अजूनही वाटतं की तू अर्धा चुकत होतास. सगळ्यांशी वाकडं घेणाऱ्या मेंबराच्या हातून एक फरशीही बसत नाही. मी पेठेत गटारं बांधली, साथीच्या वर्षात माळावर झोपड्या उभ्या करून घेतल्या, ते गोड बोलूनच. पण उरलेला अर्धा वाद तू जिंकलास. गोड बोलता बोलता माणसाला स्वतःचं मत कुठं ठेवलंय ते सापडेनासं होतं, हे मी अनुभवानं सांगतो.

मग चावीचा प्रश्न आला. रस्त्यावरच्या नळाला आपल्याकडं चावीच म्हणतात. कळंब्याचं पाणी नळानं गावात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण पेठेच्या खालच्या अंगाला ते पोचलं नव्हतं. तिथं एक चावी मंजूर झाली. जागा मेंबरनं सुचवायची होती. दोनच जागा होत्या. एक तालमीसमोर, आडाशेजारी. दुसरी तिथून शंभर पावलं खाली, चांभार गल्लीच्या तोंडाशी. तालमीसमोर बसली तर चांभार गल्लीतल्या बायकांना आडावर उभं राहावं लागत होतं तसंच चावीवरही लांब उभं राहावं लागणार होतं, कुणी वरून पाणी घालील तोवर. गल्लीच्या तोंडाशी बसली तर त्या आपल्या हातानं भरणार होत्या आणि पेठेतल्या बायकांनाही तिथंच, त्याच तोटीखाली घागर धरावी लागणार होती. एवढाच प्रश्न होता. पण त्यानं पेठ ढवळून निघाली.

तुझं मत सगळ्यांना माहीत होतं. तू ते गुळाच्या पेठेत, तालमीत, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडं बोलला होतास. अण्णांचं मतही माहीत होतं. माझं मत कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी अण्णांना म्हटलं होतं, "तुम्ही म्हणाल तसं," आणि तुला म्हटलं होतं, "बघू की."

त्याच आठवड्यात मी एकदा सकाळी कचेरीला निघालो तेव्हा चांभार गल्लीतली सखू म्हातारी आडापासून दहा हातांवर घागर घेऊन उभी होती. दुपारी परत आलो तेव्हाही ती तिथंच होती. घागर कोरडी. मी विचारलं, अजून पाणी मिळालं नाही? ती म्हणाली, "आज कुणाला सवड झाली न्हाय, मालक. उद्या बघू." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. पण "उद्या बघू" हे माझं वाक्य होतं. ते तिच्या तोंडून ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

मी काहीच ठरवेना, तेव्हा निकाल पेठेच्या पंचांनी द्यायचा ठरला. सात जण. अण्णा, त्यांचे दोन सोयरे आणि मी, असे चौघं तालमीसमोरच्या बाजूचे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि त्यांच्या विचाराचे दोघं, असे तिघं गल्लीच्या तोंडाचे. सगळा हिशोब उघड होता. तरी अण्णांनीच तोड काढली. "हात वर करून कशाला वैर घ्यायचं? उद्या एकमेकांत पोरी द्यायच्या हायत. गुळाच्या पेठंत करत्यात तसं करू. बाबालालला बोलवा. त्याच्या रुमालाबद्दल कुणाला शंका न्हाय."

शंका नव्हतीच. चार आपल्या बाजूला आहेत म्हणून अण्णा निर्धास्त होते. दुसरी बाजू हरणार, आणि कुणी कुणाच्या विरुद्ध हात वर केला हे न दिसता हरणार, अशी ती सोय होती.

तालमीत त्या दुपारी मेहनत करणारी पोरं नव्हती. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती नुकतीच उकरलेली होती, तिला तेलाचा आणि ताकाचा वास येत होता. तू चौकटीच्या रुमालाची घडी मोडलीस आणि सांगितलंस, "एक बोट म्हंजे गल्लीचं तोंड. दोन बोटं म्हंजे तालमीसमोर. मोजून सांगणार, नावं न्हाईत. मान्य?" सगळे मान्य म्हणाले. अण्णा सर्वांत मोठ्यानं म्हणाले.

माझा नंबर पाचवा होता. तुझा हात कोरडा आणि गरम होता. माझा ओला होता, आणि तू हात ओळखतोस हे मला नेमकं तेव्हाच आठवलं. मी एक बोट दाबलं.

लोक विचारतील, का दाबलं. सखूची घागर डोळ्यांसमोर होती असं म्हटलं तर ते खोटं नाही. पण तुझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं म्हणून दाबलं, हे जास्त खरं आहे. हात वर करायचा असता तर मी अण्णांच्या बरोबर वर केला असता. मला बरोबर वागायचं होतं, पण आडोशाला.

तू म्हणालास, "गल्लीचं तोंड, चार. तालमीसमोर, तीन."

अण्णा हसले. "चुकलास बाबालाल. उलटं सांगितलंस."

"न्हाय अण्णा. बरोबर सांगितलं."

"कसं बरोबर? आमी चौघं हाय की हितं."

तू रुमाल झटकून खांद्यावर टाकलास. अण्णा उठले, हौद्यात वाकून तांबड्या मातीची मूठ घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "ह्या मातीची शपथ, म्या तालमीसमोर म्हटलं." मग एक सोयरा उठला. मग दुसरा. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी माती घेतली, बाबालाल. ती मऊ होती. लहानपणी तू आणि मी तिच्यातच एकमेकांना चीत करायचो. ती कपाळाला लावून मी म्हणालो, "मीबी."

"आता तूच सांग," अण्णा तुला म्हणाले, "चार माणसांनी मातीची शपथ घेतली. खोटं कोण?"

"मोजणी बरोबर हाय."

"मग नाव सांग त्याचं."

"रुमालाखालचं नाव मी माझ्या बापालाबी सांगणार न्हाय."

"तुझं मन कुठल्या बाजूला हाय ते पेठंला ठावं हाय."

"हाय की. म्या ते कधी लपवलं?"

मास्तर मधे पडले. म्हणाले, मग मतं परत घ्या, या खेपेला हात वर करून. पण अण्णांनीच नको म्हटलं. तालमीत दिलेला कौल फिरवायचा आणि बाकीच्या पेठांनी हसायचं, हे त्यांना परवडणारं नव्हतं. ते म्हणाले, "चावी बसू दे तिथंच. पर ह्या माणसाच्या रुमालाखाली आपल्या पेठंचा हात पुन्हा जाणार न्हाय."

एका नावानं तू सुटला असतास. नाव सोड, माझ्याकडं नुसतं बघितलं असतंस तरी अण्णांना कळलं असतं. तू बघितलं नाहीस. रुमालाची घडी घातलीस, जोडे घातलेस आणि गेलास. तू माझ्याकडं बघितलं नाहीस याचा मला तेव्हा राग आला. माणूस उपकाराखाली दबला की असा राग येतो, हे कळायला मला फार उशीर लागला.

पुढच्याच आठवड्यात म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर आला आणि मी त्याला गल्लीच्या तोंडाची जागा दाखवली. कट्ट्यावर लोक विचारायचे, मेंबर, हे कसं काय झालं? मी म्हणायचो, "काय करणार, बाबालालनं घोळ घातला." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. चौथ्या-पाचव्या वेळेपासून अडखळायची थांबली.

आणि मग मी जे केलं ते शपथेपेक्षाही वाईट होतं. हंगाम ऐन भरात होता. बावड्याहून माझ्या गुळाची गाडी निघाली तेव्हा गाडीवानानं विचारलं, नेहमीच्या ठिकाणी सोडायची ना? मी म्हटलं, नाही, दुसऱ्या दुकानी सोड. मी तुला खोटं ठरवलं होतं. तुझ्याकडंच गूळ नेत राहिलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, का? म्हणून नेला नाही. माझी गाडी वळली हे बघून पेठेतल्या बाकीच्या गाड्या वळल्या. त्यांनी कारणही विचारलं नाही. मेंबरची गाडी वळली, एवढं त्यांना पुरे होतं. महिन्याभरात तुझ्या पुढ्यात एक ढेप उतरेना.

तू एकदाच माझ्याकडं आलास. उंबऱ्यातच उभा राहिलास.

"गाडी का वळवलीस नाना?"

"लोक काय म्हणतील, बाबालाल."

"लोक म्हंजे कोण रं? तूच की मेंबर." खांद्यावरचा रुमाल सारखा केलास. "बरं, ऱ्हाऊ दे. चावीला पाणी कधी येतंय?"

मी म्हटलं, येत्या पंधरवड्यात. तू मान हलवलीस आणि गेलास. तुझ्या चेहऱ्यावर समाधान होतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण माझ्या शपथेला आता काय अर्थ आहे.

तिकडं राधानगरीला धरणाचं काम निघालं होतं. तिथं मजुरांची हजेरी घ्यायला माणसं हवी होती. तू गेलास. ज्या माणसाची मोजणी पेठेनं खोटी ठरवली, त्याच्याकडं तिथं माणसं मोजायचं काम आलं. तू गावी आलास की तिथल्या पावसाचं वर्णन करायचास, छत्रीला बुरशी येते, चपलेतून रोप उगवतं असलं काहीतरी, आणि सगळ्यांना हसवायचास. सांधे धरले तेव्हा कायमचा परत आलास. मी नव्या गुळाची ढेप घेऊन तुझ्या घरी आलो. आज सांगायचंच, असं मनाशी ठरवून आलो होतो; ही माझी पहिली खेप.

"बाबालाल, त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय ऊन व्हतं, न्हाय? राधानगरीत बसून मला त्या उन्हाची लई आठवण यायची." ढेपेचा खडा फोडून तू तोंडात टाकलास. "गूळ झक्कास उतरलाय. गुळव्या नवा धरलास काय?"

मग आपण गुळव्याबद्दल, त्याच्या रस आटवण्याच्या हातोटीबद्दल बोललो. तू मला वाचवत होतास की शिक्षा देत होतास, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही नसेल. रुमालाखाली जे घडलं त्याबद्दल तू कुणाशीच बोलत नव्हतास, आणि माझ्यासाठी तू तुझा नियम मोडणार नव्हतास. मीच बोलायला हवं होतं. तू फक्त मला ते सोपं करून दिलं नाहीस.

दुसऱ्या खेपेची गोष्ट तुला आठवत असेल. दरबारचा हुकूम निघाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. गावात काही ठिकाणी कुरबुरी झाल्या. आपल्या पेठेत काहीच करावं लागलं नाही, कारण आपली चावी आधीच खुली होती. एक अधिकारी येऊन तालमीसमोर बोलले, माझ्या गळ्यात हार घातला, मला दूरदृष्टीचा मेंबर म्हणाले. अण्णा पुढंच बसले होते. तेही अभिमानानं म्हणाले, "आमच्या पेठंनं हे कवाच केलं." चावी त्यांनी आपली मानली होती. लोक असेच असतात आणि ते एका अर्थी चांगलंच आहे. ज्याला कालपर्यंत विरोध केला, ते आज आपलंच म्हणून मिरवतात, म्हणून गाव पुढं सरकतं. पण चावी बरोबर असेल तर बाबालालची मोजणीही बरोबर असेल, असं मात्र एकाच्याही मनात आलं नाही. तू मागं भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होतास. संपल्यावर मी तुझ्याजवळ आलो. तोंड उघडलं. तू हाराला हात लावून म्हणालास, "शेवंती ताजी हाय," आणि लोकांनी मला ओढून नेलं.

तिसरी खेप तुझ्या अखेरच्या आजारातली. तुझा डोळा लागला होता. अमिनावहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? ह्यांनी मला कधी सांगितलं न्हाय. लई वेळा विचारलं, भांडलेबी. तुम्ही त्यांचे जिवाभावाचे. तुम्हाला तरी बोलले काय, त्या दिवशी खोटं कोण बोललं?"

म्हणजे तू घरातही बोलला नव्हतास. बारा वर्षांत बायकोलाही नाही.

मी म्हणालो, "न्हाय वहिनी. मला न्हाय सांगितलं."

त्या म्हणाल्या, "उस्मानचं वाईट वाटतं. त्याला दलालीच करायचीय. पर गुळाच्या पेठंत त्याला कोण उभं करणार? खोट्या दलालाचा पोरगा म्हणत्यात." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चहा घ्या, गार हुतोय." मी तो चहा प्यायलो. तुला जाग येईपर्यंत थांबलो नाही. चौथ्या दिवशी तू गेलास.

तू गेल्यावर मी रोज सकाळी चावीपाशी जाऊन बसतो. शेवटच्या वर्षांत तूही तिथं बसायचास, तेव्हा मी लांबून जायचो. आता कळतं तू का बसायचास. काल सखू म्हातारीची नातसून आणि अण्णांची धाकटी सून यांच्यात जुंपली होती. "माझी घागर आदी व्हती." "तुजी कुठली आदी, म्या पहाटेच दगड ठिवून गेलते." "दगडाला काय तुजं नाव हाय व्हय?" एकीनं दुसरीची घागर बाजूला केली, दुसरीनं तीच घागर उचलून परत तोटीखाली आणली. हातानं. कुणाला काही वाटलं नाही. मी तिथं बसून ऐकत होतो आणि मला हसू फुटत होतं. भांडण बरोबरीच्या माणसांत होतं. सखू आयुष्यभर त्या आडापाशी उभी राहिली, पण तिला कुणाशी भांडायची सोय नव्हती. तिच्या नातसुनेला आहे. मेंबर म्हणून माझ्या हातून जे काही झालं असेल त्यात एवढं एक मी वर जाऊन सांगेन. आणि त्याची किंमत तू दिलीस हेही सांगेन.

तिथून उठून मी थेट अण्णांकडं गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. दारात बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, न थांबता, जसं वर लिहिलंय तसं. सांगून झाल्यावर त्यांनी आपल्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे माती खोटी पडली."

मी म्हटलं, "माती न्हाय अण्णा. मी."

"मला तवा सांगितलं असतंस तर मी तुझं मेंबरपण काढून घेतलं असतं."

"ठाऊक हाय."

"आणि आज?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आज काय घिऊ तुझ्याकडनं? तूबी म्हातारा, मीबी म्हातारा." मला वाटलं आता उठून जायला सांगतील. पण ते म्हणाले, "त्याच्या चाळिसाव्या दिवसाला पेठ जमंल न्हवं? मला हाताला धरून ने. तू बोल. तुझं झालं की मी बोलतो. त्याला खोटा म्या ठरवला, त्यो शब्द म्याच मागं घ्यायला पायजे." आणि मग, मी निघताना, "उस्मान कवा बसतोय गुळाच्या पेठंत? ह्या हंगामाची आमची पहिली गाडी त्याच्याकडं."

मी म्हटलं, "न्हाय अण्णा. पहिली माझी."

ते हसले. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना हसताना बघितलं.

चाळिसाव्याला आता थोडेच दिवस राहिलेत. अमिनावहिनींना मी आधी एकट्या गाठून सांगणार आहे. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. घरात घेतील किंवा घेणार नाहीत. उस्मान माझी गाडी उतरवून घेईल किंवा परत पाठवील. पोराला तेवढा हक्क आहे. पेठेतल्या लोकांनी माझ्या गळ्यातला तो हार मनानं काढून घेतला तर मला हलकंच वाटेल. माझ्या जागी आता जो तरुण मेंबर झाला आहे, तो हुशार आहे, सगळ्यांशी गोड बोलतो. त्याला मी हे कागद वाचायला देणार आहे.

आपल्यातलं बोलायचं सगळं या कागदांत आलं, फक्त एक राहिलं. ते घेऊन मी तीनदा तुझ्यापर्यंत आलो आणि तीनदा परत फिरलो. हे सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं मी ठरवलंय, आणि म्हणताना माझा आवाज फाटेल हेही मला ठाऊक आहे. पण ते पहिल्यांदा तू ऐकावंस, म्हणून इथं लिहितो. बाबालाल, तुझी मोजणी बरोबर होती. चौथं मत माझं होतं. शपथ खोटी होती ती माझी, आणि तुझ्या दारची पहिली गाडी वळली तीही माझीच. तू जिवंत असताना हे म्हणायला मी धजलो नाही. मला माफ कर.